चौकटीत एकच चेहरा ठेवा

१

शाळेच्या फाटकावर गेल्या वर्षी ते यंत्र बसवलं आणि माझ्या सकाळींचं वाटोळं झालं. मसाका गावातली आमची शाळा. छप्पर गळतं, तिसरीच्या वर्गात एकेका बाकावर पाच पाच मुलं कोंबलेली असतात, खडू मी घरून आणते. पण फाटकावर मात्र चेहरा ओळखणारं यंत्र हवं! का, तर कुठल्याशा जिल्ह्यात भूत-शिक्षक सापडले म्हणे, म्हणजे कागदावर आहेत आणि वर्गात नाहीत असे. कागदावरची माणसं शोधायला वर्गातल्या माणसांना रोज उन्हात उभं करायचं, ही अक्कल ज्या कुणाची असेल त्याला माझ्या तिसरीत एक दिवस कोंडून ठेवायला हवं.

यंत्रासमोर उभं राहायचं, चष्मा काढायचा, हनुवटी वर करायची. मनात आलं तर ते ओळखतं, नाही आलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. ओळखलं की आतली बाई म्हणते, "धन्यवाद, बाबिर्ये." बावीस वर्षांच्या नोकरीत माझे आभार मानणारी ती एकटीच, आणि तीही पत्र्याची.

त्या सोमवारी ती नेहमीसारखी म्हणाली, "धन्यवाद, बाबिर्ये." मी चष्मा घातला आणि आत शिरले. चार पावलं गेले असेन, तर मागून पुन्हा आवाज आला.

"धन्यवाद."

या वेळी नाव नव्हतं. मी वळून पाहिलं. यंत्रासमोर कुणीच नव्हतं. संगीताचे मास्तर अजून रस्त्यापलीकडे सायकलला कुलूप लावत होते.

मंगळवारी तेच झालं. मी मुद्दाम थांबून ऐकलं. माझं नाव, मग एक श्वास घेण्याइतकी शांतता, मग नुसतं धन्यवाद. यंत्र बिघडलं, दुसरं काय! मी वर्गात जाऊन पाढे घ्यायला लागले. दुपारी आमच्या हेडबाई नाकिमेरा यांनी बोलावणं पाठवलं. त्यांच्या टेबलावर हजेरीचा छापील कागद होता.

"बाबिर्ये, तुझ्याबरोबर रोज कोण येतं गं?"

"माझी सावली. तिलाही सही करायला लावू?"

"थट्टा नको. हे बघ. दोन आठवडे झाले, तुझ्या नावापुढे दोघींची नोंद पडतेय. एक तू आणि एक अनोळखी. वरून पत्र आलंय की एका शिक्षिकेच्या जागी दोघी हजेरी लावतात. शुक्रवारपर्यंत ओळख नव्यानं पटवून घे, नाहीतर पटावरून तुझं नाव निघेल."

"बाई, बावीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर शिकवतेय मी. तुम्हाला तर ओळखू येते ना?"

"मला येतेस गं," नाकिमेराबाई म्हणाल्या. "पण मला कोण विचारतंय?"

२

ओळख पटवायची सोय फोनवरही होती. म्हणजे पत्रात तरी तसं लिहिलं होतं. घरी आले, पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले आणि फोन समोर धरला. पडद्यावर माझा चेहरा आला, त्याभोवती हिरवा चौकोन आला आणि खाली अक्षरं उमटली, चौकटीत एकच चेहरा ठेवा.

एकच तर होता. मग मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. त्यावर बिशपसाहेब हसत होते. मी त्यांना उतरवून पलंगाखाली सरकवलं आणि पुन्हा फोन धरला. पुन्हा तेच. झोपायच्या खोलीत गेले. तिथे मच्छरदाणीशिवाय काही नव्हतं, ती गुंडाळून वर बांधली. पुन्हा तेच. शेवटी परसात आले आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. मागे नुसता चुना. चित्र नाही, खिळा नाही, माशी नाही.

चौकटीत एकच चेहरा ठेवा.

या वेळी मी नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्याभोवती एक चौकोन होता, आणि माझ्या डाव्या खांद्याला लागून दुसरा. तो रिकामा होता. त्याच्या आत चुन्याची भिंत दिसत होती, एवढंच. मी सरकले की तो सरकायचा. मी थांबले की थांबायचा.

फोन जुना, काच तडकलेली. मी बाहीने काच पुसली. उन्हाची तिरीप असेल म्हणून सावलीत गेले. मी काही खुळी नाही, मुलांना विज्ञान शिकवते. यंत्रं चुकतात आणि गरीब माणसाच्या बाबतीत जास्तच चुकतात. तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "डोकं डावीकडे वळवा." मी वळवायच्या आधी तो रिकामा चौकोन किंचित अरुंद झाला. चेहरा बाजूला वळला की चौकोन होतो तसा.

"डोळे मिटा," बाई म्हणाली. मी मिटले नाहीत.

"कुणाशी भांडतेयस?" आतून आईचा आवाज आला.

"फोनशी."

"मग दुसरी कोण बोलतेय?"

"फोनमधलीच बाई आहे ती."

"ती नव्हे," आई म्हणाली. "तिच्यानंतरची."

मी फोन बंद केला. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. तो चौकोन बरोबर माझ्या उंचीवर होता. थोडा खाली असता, लहान मुलाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तर मी काय समजले असते ते मला ठाऊक आहे. पण तो माझ्याएवढा होता, शेचाळीस वर्षांच्या बाईएवढा.

३

बुधवारी रजा टाकून ओळखपत्राच्या ऑफिसात गेले. फणसाच्या झाडाखाली सकाळपासून रांग. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याची बोटं यंत्राला दिसत नव्हती. मागची बाई तिसऱ्यांदा आली होती, कारण यंत्राने तिला पुरुष ठरवलं होतं. ती हसून सांगत होती. मला हसू येईना. चार तास आपण कोण आहोत हे सिद्ध करायला उभं राहायचं आणि वर हसायचं, हे मला जमत नाही.

माझा नंबर आला. एका पोराने मला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं, कॅमेरा लावला आणि "हलू नका, न्याबो" म्हणून चहाला गेला. आमच्याकडे बाईमाणसाला अदबीने न्याबो म्हणतात आणि पुरुषाला सेबो. कॅमेरा आपोआप फोटो घेणार होता. तेवढ्यात दारातून मोठे कारकून आले, लुबेगा. पांढरे केस, हातात काठी, माझ्या वडिलांच्या वयाचे. आमच्यात चांगल्या घरची बाई वडीलधाऱ्याला उभ्याने नमस्कार करत नाही. मी विचारही केला नाही. गुडघे टेकले आणि मान खाली घालून क्षेमकुशल विचारायला लागले. त्यांनीही सावकाश घरच्यांची, शेताची, पावसाची चौकशी केली. मध्येच वर कुठेतरी कॅमेरा वाजला.

"उठा, न्याबो," ते खुर्चीत बसत म्हणाले. "तुमचा फोटो झाला. छान आलाय."

"सेबो, मी तर खाली होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून गुडघ्यांवरच होते. मग त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात लावून तो पडदा भिंतीकडे फिरवून टाकला.

"तुम्हाला बहीण आहे?"

"होती."

"आहे. इथे आहे. मिशनच्या दवाखान्याची जुनी वही यंत्रात चढवलीय, त्यात एका दिवशी दोन मुली. बाबिर्ये आणि नाकातो. तुमची नोंद चालू आहे ते ठीक. पण नाकातोची नोंद कुणी बंदच केलेली नाही."

"ती नऊ वर्षांची असताना..." मी थांबले.

"काय झालं तिला?"

"उडून गेली."

लुबेगा आमच्यातलेच. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. आमच्यात जुळ्यांतलं एक गेलं तर ते मेलं असं म्हणत नाहीत. उडून गेलं म्हणतात. तो दुसरा शब्द जुळ्यांच्या घरात उच्चारायचाच नसतो, मग दवाखान्याच्या वहीत कोण लिहिणार? जगात कुठल्याही आईबापांनी जी चूक केली नसती, ती माझ्या आईबापांनी केली होती, आणि सदतीस वर्षं ती चूक आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं.

"मला कळतं हो," लुबेगा म्हणाले. "पण याला कळत नाही. याच्यात एकच शब्द आहे, तोच दाबावा लागतो. आईचा अंगठा लागेल, आणि तुम्हाला स्वतःच्या आवाजात ते वाक्य बोलावं लागेल. फोनवरूनही होतं."

"आधी तो फोटो दाखवा मला."

"पुसला मी."

त्यांचे दोन्ही हात काठीवर होते. मला खोटं कळतं, मी पोरांना शिकवते. पण मी हट्ट केला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"उद्याच बंद करा ती नोंद," ते म्हणाले. "शाळेसाठी म्हणून नाही सांगत."

४

आईला सगळं गाव नालोंगो म्हणतं, म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल. तो मान तिला दोघींमुळे मिळाला आणि तिने तो दोघींच्या नावाने जपला. डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस तिला आवाजावरून कळतं. पण कान असे की शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी ऐकू येईल.

मी तिला सरळ सांगितलं. अंगठा लाव, नाहीतर शाळा गेली.

"कशावर लावू?"

"फोनवर. नाकातो... नाही असं लिहायचंय."

"नाही असं? की तसं?"

"तसं. त्यांच्यात दुसरा शब्द नाही."

"मग त्यांना सांग, दुसरा शब्द शिका."

"आई, यंत्र आहे ते! त्याला काय शिकवू? बावीस वर्षांची नोकरी आहे माझी. सत्तर मुलं बसलीत वर्गात. परवा मला फाटकावर अडवतील!"

"तुझी शाळा आहे, ठाऊक आहे मला. पण तो शब्द बोललीस तर ती ऐकेल."

"कोण ऐकेल? आई, सदतीस वर्षं झाली!"

"म्हणून तर," आई म्हणाली. "इतकी वर्षं तिला कुणी सांगितलेलं नाही."

माझा संताप झाला. फोनवर, ऑफिसवर, नाकिमेराबाईंवर आणि सगळ्यात जास्त आईवर. नऊ वर्षांची असताना मला तापात दुसऱ्या खोलीत निजवलं होतं, आणि उठले तेव्हा आमच्या खोलीत तिची चटई गुंडाळून ठेवलेली होती. कुणी काही सांगितलं नाही, कुणी रडलं नाही. मी विचारलं तर आई म्हणाली, उडून गेली. मी महिनाभर आकाशाकडे बघत हिंडले. त्यापेक्षा तो शब्द ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

५

गुरुवारी शाळेतून दुपारीच निघाले. आई जेवून स्वयंपाकघरात चटईवर झोपली होती. उजवा हात उताणा पडलेला.

आईचा अंगठा कुठल्याच यंत्राला पटत नाही. जन्मभर मतोकेची कच्ची केळी सोलून सोलून रेषा झिजल्यात आणि चिकाने कातडी काळी पडलीय. फोनच्या सिमकार्डासाठी चार वेळा लावून नाही पटला, शेवटी माझ्याच नावावर घ्यावं लागलं. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, तीनदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर देवाची मर्जी. खरं सांगायचं तर ते जमू नये असंच मला वाटत होतं.

मी गुडघ्यांवर बसले, तिचा अंगठा दोन बोटांत धरला आणि काचेवर टेकवला. पहिल्याच झटक्यात हिरवी खूण आली.

आई हलली नाही. पण तिचा श्वास बदलला. ती जागी असेल असं वाटून मी बराच वेळ तिच्या पापण्यांकडे पाहिलं. मग पाय न वाजवता पुढच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"आता पुढील वाक्य स्पष्ट आवाजात वाचा," फोनमधली बाई म्हणाली.

वाक्य पडद्यावर होतं. मी हळूच वाचलं.

"आवाज ऐकू आला नाही. पुन्हा वाचा."

मी थोडं मोठ्याने वाचलं. बाहेर कोंबड्या उकरत होत्या, त्यांचा आवाज थांबला.

"आवाज ऐकू आला नाही. पुन्हा वाचा."

माझी सहनशक्ती संपली. सोमवारपासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी वर्गात ओरडते तशी ओरडले, "माझी बहीण नाकातो मेली आहे!"

 मग पलीकडच्या खोलीतून, आई झोपली होती तिथून नव्हे, रिकाम्या झोपायच्या खोलीतून, कुणीतरी ते वाक्य परत म्हटलं. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत. नव्याने वाचायला शिकलेलं मूल अर्थ लावत वाचतं तसं. आवाज माझा होता. शेवटच्या शब्दावर तो थांबला आणि तो शब्द त्याने दोनदा म्हटला.

फोन बोलला असणार. तपासायला ते लोक आपला आवाज परत ऐकवतात. पण फोन माझ्या हातात होता, दुसऱ्या खोलीत नव्हता. मी उठून बघायला हवं होतं. मी उठले नाही. पडद्यावर आलं, नोंद बंद झाली. धन्यवाद.

६

शुक्रवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी फणसाखाली हजर होते. लुबेगा आले नव्हते. त्या पोराने मला उभं केलं, कॅमेरा वाजला, चौकोन एकच आला, माझ्यावर आला, हिरवा झाला. दोन मिनिटांचं काम. त्याने मला कागद दिला, त्यावर माझं नाव होतं, आणि माझ्या तोंडून शिवी निघून गेली. एवढ्यासाठी! एवढ्यासाठी आईचा अंगठा चोरला मी.

शाळेत फोन केला. नाकिमेराबाई म्हणाल्या, "हो, आलंय इथे. पटली तुझी ओळख. आज घरी जा, सोमवारी ये." मी पायीच निघाले. इतकं हलकं वाटत होतं की वाटेत आईसाठी पिकलेली पपई घेतली. तिला सगळं कबूल करायचं ठरवलं. ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

आई परसात केळीच्या पानांवर बसून मतोके सोलत होती. सुरीचा आवाज एका लयीत येत होता.

"आई, झालं काम. नोकरी राहिली."

"सांगितलंस की मघाशी," ती मान वर न करता म्हणाली.

"मघाशी कधी?"

"मघाशी. आलीस, सांगितलंस, चहा टाकते म्हणालीस आणि आत गेलीस."

स्वयंपाकघरात कुणीतरी पातेल्यात पाणी ओतलं. मग चमचा पातेल्याच्या काठावर आपटला, दोनदा. मी आपटते तसा.

"आणखी काय सांगितलं मी?" मी विचारलं.

आईची सुरी थांबली.

"तो शब्द बोललीस. माझ्या तोंडावर. मी म्हटलं, आपल्या घरात असं बोलत नाहीत. तर म्हणालीस, आता बोलायला हरकत नाही, सरकारात नोंद झालीय. दोघींतली एक मेलीय. मी विचारलं, कोणती? तर म्हणालीस, बाबिर्ये."

स्वयंपाकघराच्या दाराला फुलाफुलांचा पडदा आहे. तो कडेला आतून चार बोटांनी धरलेला होता. बोटांवर खडूची पांढरी भुकटी होती. माझी बोटं मी पाहिली. आज मी वर्गात गेलेच नव्हते, ती स्वच्छ होती.

"आई, ही मी आहे. बाबिर्ये. इकडे बघ."

आईने तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. ते दुधाळ डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरले, खाली आले, पुन्हा वर गेले. तिने हातातली सुरी बाजूला ठेवली. मी पुढे पाऊल टाकलं तशी ती बसल्या बसल्या मागे सरकली आणि दोन्ही हात आडवे धरून तिने दाराची वाट अडवली.

"तिथेच थांब," ती म्हणाली. असा मऊ आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "घाबरू नकोस, बाळा. मी तो शब्द पुन्हा कुणाला बोलू देणार नाही. तू उडून गेलीस असंच सांगेन सगळ्यांना. आणि तुझ्या वर्गातल्या मुलांची काळजी करू नकोस. सोमवारपासून ही जाईल."